ऊतींमधल्या लिपिडांचा नकाशा: मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमेजिंगचं पहिलं चित्र बघितलं की नवा विद्यार्थी हमखास म्हणतो, "हा तर फोटोच आहे!" दिसतो खरा तसा. पण कॅमेऱ्याने काढलेला फोटो आणि हा नकाशा यांच्यात बराच फरक आहे, आणि खालचे बहुतेक प्रश्न त्या फरकातूनच निघालेले आहेत.

हे नेमकं करतात काय?

गोठवलेल्या ऊतीचा केसाहून कितीतरी पातळ काप काचेच्या स्लाइडवर घेतात. त्या कापावर आलेखाच्या कागदासारखी चौकटी आखल्या आहेत अशी कल्पना करा. यंत्र एकेका चौकोनावर, म्हणजे पिक्सेलवर, जातं, तिथले थोडे रेणू उडवून त्यांना विद्युतप्रभार देतं, म्हणजे त्यांचे आयन करतं, आणि त्या आयनांचं वजन घेतं. काटेकोर बोलायचं तर हे वस्तुमान आणि प्रभार यांचं गुणोत्तर असतं. पण लिपिडांवर, म्हणजे चरबीच्या कुळातल्या रेणूंवर, बहुधा एकच प्रभार असल्यामुळे आम्ही सर्रास 'वजन'च म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. प्रत्येक चौकोनाचा एक वर्णपट मिळतो, म्हणजे कुठल्या वजनाचे आयन किती आले याचा आलेख. मग त्यातलं एक वजन निवडायचं आणि ते कुठल्या चौकोनात किती जोरात आलं त्यानुसार रंग भरायचे. झाला एक नकाशा. दुसरं वजन निवडलं की दुसरा. एकाच कापातून असे शेकडो निघतात, आणि काय शोधायचं हे आधी ठरवावं लागत नाही.

उंदराच्या मेंदूचा काप घ्या आणि ऋण आयन मोजा. ८८५.५५ ला एक ठळक शिखर दिसेल आणि ८८८.६२ ला दुसरं. अंतर जेमतेम तीन एककांचं. पण चित्रं एकमेकांच्या उलट! पहिलं फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल ३८:४ (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो), ते करड्या भागात उजळतं. दुसरं एक सल्फटाइड, ते चेतातंतूंवरच्या मायलिन वेष्टणात भरपूर असतं, म्हणून पांढऱ्या भागात उजळतं. अनुमस्तिष्कात तर त्याचं चित्र पानं झडलेल्या झाडासारखं दिसतं, फांद्यांसकट. ना रंगद्रव्य, ना अँटिबॉडी, फक्त वजन.

लिपिडं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येत नाहीत का?

येतात, पण ढोबळपणे. ऑइल रेड ओसारखं रंगद्रव्य चरबीचे थेंब लाल करतं; त्या थेंबात कोणत्या मेदाम्लांची ट्रायग्लिसराइडं आहेत ते सांगत नाही. विशिष्ट लिपिडाला चिकटणाऱ्या चांगल्या अँटिबॉडी मोजक्याच आहेत. चमकणारी खूण जोडावी म्हटलं तर ती खूणच लिपिडाच्या तोडीची मोठी, मग तो रेणू पूर्वीसारखा वागेल याची खात्री कशी द्यायची? आणि ऊती वाटून, लिपिडं बाहेर काढून क्रोमॅटोग्राफीने मोजली तर यादी उत्तम मिळते, पण कुठलं कुठे होतं ते वाटतानाच गेलेलं असतं.

माल्डी, डेसी, सिम्स: आमच्या कामाला यातलं कुठलं?

रेणू कापावरून कसे उडवायचे, एवढाच मुळात या तिघांतला फरक.

सिम्स सर्वांत जुनी. यात आयनांचा बारीक झोत पृष्ठभागावर मारतात. कास्तँ आणि स्लॉजियाँ यांनी १९६२ साली या तत्त्वावर आयन-सूक्ष्मदर्शक मांडला होता. एका मायक्रॉनपेक्षाही बारीक तपशील दिसतो, पण मार जबर असतो. अखंड लिपिडाऐवजी त्याचे तुकडेच जास्त हाती लागतात. वायूच्या अणूंच्या गुच्छांचे झोत आल्यापासून हा त्रास बराच कमी झाला आहे.

माल्डीत कापावर मॅट्रिक्सचा थर देऊन लेसर मारतात. ही पद्धत १९८० च्या दशकात कारास आणि हिलेनकाम्प यांनी घडवली. त्याच काळात जपानमध्ये कोइची तानाका यांनी लेसरने प्रथिनं न मोडता उडवून दाखवली, आणि २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ऊतींच्या कापावर माल्डी चालवून चित्रं काढण्याचं श्रेय प्रामुख्याने रिचर्ड कॅप्रिओली यांच्या १९९७ च्या शोधनिबंधाला दिलं जातं.

डेसीत प्रभारित द्रावकाचा फवारा असतो आणि काम उघड्या हवेत चालतं. पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहॅम कुक्स यांच्या गटाने २००४ साली ती मांडली. मॅट्रिक्स नको, निर्वात नको, तयारी जवळजवळ शून्य. बारकावा मात्र माल्डीपेक्षा सहसा कमी.

माझं मत विचाराल तर पहिल्या प्रयोगाला यंत्र निवडत बसू नका. जे हाताशी आहे आणि जे चालवणारा माणूस हाताशी आहे, ते घ्या.

मॅट्रिक्स म्हणजे काय आणि कोणता घ्यायचा?

लेसरची ऊर्जा स्वतः शोषून घेऊन शेजारच्या लिपिडाला अलगद उचलणारा छोटा सेंद्रिय रेणू. धन आयनांसाठी डायहायड्रॉक्सिबेन्झोइक आम्ल, म्हणजे डीएचबी, हा जुना विश्वासू. ऋण आयनांसाठी नऊ-अमिनोअॅक्रिडीन. डायअमिनोनॅफ्थलीन दोन्हीकडे चालतं, पण ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे आणि धूर ओढणारं कपाट यांत तडजोड नको.

कोणता यापेक्षा कसा लावला हे जास्त महत्त्वाचं. फवारा फार ओला झाला की लिपिडं द्रावकात विरघळून शेजारच्या चौकोनात वाहत जातात आणि नकाशा पुसट होतो. फार कोरडा झाला तर लिपिडं मॅट्रिक्सच्या स्फटिकांत शिरतच नाहीत. मधला मार्ग यंत्राच्या फवाऱ्याने साधतो, हाताच्या क्वचितच. निर्वातात मॅट्रिक्स तापवून त्याची वाफ थंड स्लाइडवर बसवली तर द्रावकच नसतो, स्फटिक अगदी बारीक होतात आणि वाहून जाण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. बारीक पिक्सेलसाठी मी तेच करतो.

एक खूण सांगून ठेवतो. कापाच्या कडेबाहेर, रिकाम्या काचेवरही तुमचं लिपिड मंद चमकताना दिसलं तर ते वाहून आलेलं आहे. म्हणून मोजणीच्या क्षेत्रात थोडी मोकळी काच नेहमी घ्या.

नमुना कसा जपायचा?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत जास्त प्रयोग इथेच बिघडतात.

ऊती शरीराबाहेर आली तरी तिच्यातली विकरं कामावरच असतात. फॉस्फोलायपेज फॉस्फोलिपिडाचं एक मेदाम्ल तोडतं. मागे राहतं लायसो-लिपिड आणि एक सुटं मेदाम्ल. उशीर झालेल्या नमुन्यात ही दोन्ही वाढलेली दिसतात, आणि एखादा उत्साही संशोधक तेच रोगाचं लक्षण म्हणून छापायला निघतो. तेव्हा ऊती काढल्यापासून गोठवेपर्यंतचा वेळ कमीत कमी ठेवा, आणि सगळ्या नमुन्यांना तो सारखा ठेवा. रोगी गटाला वीस मिनिटं आणि निरोगी गटाला दोन, असं झालं तर तुम्ही रोग नव्हे, घड्याळ मोजत आहात.

गोठवताना नमुना थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुचकळू नका. त्याच्याभोवती उकळणाऱ्या वायूचं कवच तयार होतं, गोठणं असमान होतं आणि नमुना तडकतो. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या होडीत ठेवून नायट्रोजनवर तरंगू द्या, किंवा आधी गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये सोडा. साठवण उणे ८० अंश सेल्सियसला. काप साधारण १० ते १२ मायक्रॉनचे, क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे काप घेण्याच्या गार यंत्रात, उणे २० च्या आसपास. माल्डीच्या बऱ्याच यंत्रांना वीजवाहक थर दिलेली काच लागते. वाहक बाजू कुठली ते मल्टिमीटर लावून बघा. उलट्या बाजूवर काप घेऊन बसलेले लोक दर वर्षी भेटतात.

आणि दव. उणे ८० मधली स्लाइड थेट हवेत उघडली की पावसाळ्यातल्या काचेसारखं पाणी धरते, आणि त्या पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि थोडी लिपिडंही हिंडतात. स्लाइड बंद डब्यातच ठेवा, डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, निर्वातात वाळवा, मगच झाकण काढा.

काप घेताना ओसीटी वापरलं तर चालेल का?

नाही. ऊती बसवण्याचा तो चिकट पदार्थ पॉलिमरांचा बनलेला असतो. त्यातलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल सहज आयन बनतं आणि लिपिडांचा आवाज दाबून टाकतं. मला हे कळलं ते असं: एकदा पाहुणे म्हणून आलेले नमुने लावले, तर वर्णपटात ४४-४४ च्या अंतराने शिखरांची रांग, कंगव्याच्या दातांसारखी सरळ. दोन दिवस मी यंत्रालाच दोष देत होतो. स्रोत धुतला, लेसर तपासला. तिसऱ्या दिवशी नमुने पाठवणाऱ्याला सहज विचारलं, "बसवलं कशात होतं?" उत्तर आलं, "नेहमीच्या ओसीटीत!" ४४ म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची एकेक कडी.

ऊती फक्त चकतीला चिकटवायची असेल तर खाली पाण्याचा थेंब पुरतो. पूर्ण बुडवायचीच असेल तर कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा जिलेटिन घ्या.

रुग्णालयातल्या जुन्या पॅराफिन ठोकळ्यांवर हे होईल का?

लिपिडांसाठी जवळजवळ नाही. पॅराफिन भरण्याआधी ऊतीला अल्कोहोल आणि झायलीनच्या आंघोळी घालतात, आणि बहुतेक लिपिडं तिथेच धुऊन जातात. नुसत्या फॉर्मलिनमध्ये ठेवलेली, पॅराफिन न भरलेली ऊती असेल तर थोडी आशा आहे. पण फॉर्मल्डिहाइड अमिनो गटांशी जोडलं जातं, त्यामुळे फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमिनसारख्या लिपिडांवर विसंबू नका.

पिक्सेल किती लहान ठेवायचा?

प्रश्नाला पुरेल एवढाच. एक सेंटिमीटर लांब-रुंद काप ५० मायक्रॉनच्या पिक्सेलने मोजला तर ४०,००० पिक्सेल होतात. १० मायक्रॉनने मोजला तर १० लाख. सेकंदाला एक पिक्सेल घेणाऱ्या यंत्रावर पहिलं काम साधारण अकरा तासांचं, दुसरं साडेअकरा दिवसांचं. सेकंदाला वीस घेणारं यंत्र असेल तर दुसरंही चौदा तासांत उरकतं, पण फाइल तेवढीच अवाढव्य राहते.

वेळ हा त्यातला लहान भाग. पिक्सेलची बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ पावपट होतं, म्हणजे उडवायला रेणूही पावपटच उरतात. कमी प्रमाणातली लिपिडं तिथे गायब होतात. माल्डीत रोजचं काम १० ते ५० मायक्रॉनच्या दरम्यान चालतं. २०१७ मध्ये जर्मनीतल्या गीसेनच्या गटाने १.४ मायक्रॉनपर्यंत मजल मारली. कौतुकाची गोष्ट आहे, पण मेंदूचा पांढरा आणि करडा भाग वेगळा करायला तिची गरज नाही.

एका शिखराला नाव कसं देतात? सॉफ्टवेअर देतंच ना?

सॉफ्टवेअर नाव सुचवतं. मी एकाच शिखराची गोष्ट सांगतो, ७८२.५७ ची. धन आयनांत ते हमखास दिसतं.

फॉस्फॅटिडिलकोलीन ३४:१ हे पेशींच्या आवरणातलं अगदी नेहमीचं लिपिड. त्याला प्रोटॉन चिकटला तर वजन ७६०.५८५, सोडियम चिकटला तर ७८२.५६७, पोटॅशियम चिकटला तर ७९८.५४१. म्हणजे एकाच लिपिडाची तीन शिखरं. आता दुसरं लिपिड, फॉस्फॅटिडिलकोलीन ३६:४. त्याला प्रोटॉन चिकटला की वजन ७८२.५६९. दोघांत अंतर ०.००२४ एवढंच! ही दोन शिखरं वेगळी दिसायला यंत्राची विभेदनक्षमता, म्हणजे वजन भागिले अंतर, सव्वातीन लाखांच्या वर हवी. ते एफटी-आयसीआरसारख्या मोठ्या चुंबकाच्या यंत्रांचं काम. नेहमीच्या टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्रावर दोन्ही मिळून एकच शिखर दिसतं आणि सॉफ्टवेअर त्यातलं एक नाव ठोकून देतं.

मग करायचं काय? आधी ३४:१ च्या पोटॅशियमवाल्या शिखराचा नकाशा काढा. ७८२ चा नकाशा हुबेहूब त्याच्यासारखा असेल तर संशय सोडियमवर. नंतर ७८२ चे आयन वेगळे काढून मोडून बघा. प्रोटॉनवाल्या फॉस्फॅटिडिलकोलीनमधून १८४.०७ चा तुकडा ठळकपणे सुटतो, तर सोडियमवाल्यातून ५९ वजनाचं ट्रायमिथाइलअमिन निघून जातं आणि ७२३.५ च्या आसपास शिखर उरतं. बहुतेकदा दोन्ही खुणा दिसतात, कारण बहुतेकदा दोन्ही लिपिडं तिथे असतात. तसं असेल तर नकाशाखाली दोन्ही नावं लिहावीत.

'३४:१' मधून सगळी रचना कळते का?

नाही. दोन मेदाम्लांचे मिळून ३४ कार्बन आणि मिळून एक दुहेरी बंध, एवढंच. ते १६ आणि १८ आहेत की १४ आणि २०, कुठलं मेदाम्ल ग्लिसरॉलच्या कुठल्या कार्बनवर बसलंय, दुहेरी बंध साखळीत नेमका कुठे आहे, यातलं काहीही वजनावरून कळत नाही. मेदाम्लं कोणती ते ऋण आयन मोडून समजतं. दुहेरी बंधाची जागा हवी असेल तर ओझोनची किंवा पातेर्नो-ब्यूखी ही प्रकाशरासायनिक अभिक्रिया वापरतात. नुसतं वजन मोजून कुणी दुहेरी बंधाच्या जागेसकट पूर्ण नाव छापलं असेल तर भुवई उंचवावी.

चित्रात जिथे लाल, तिथे ते लिपिड जास्त, बरोबर?

तिथे त्या वजनाचे आयन जास्त मोजले गेले. लिपिड जास्त असेलच असं नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे रक्तपुरवठा तुटलेला मेंदू. जिवंत पेशीत आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त असतं. हा फरक टिकवायला पेशी सतत पंप चालवते. रक्त थांबलं की पंप बंद पडतो, सोडियम आत शिरतं, पोटॅशियम बाहेर जातं. आता ३४:१ चं पोटॅशियमवालं शिखर बघा: इजा झालेल्या भागात काळोख, जणू लिपिड नाहीसंच झालं. सोडियमवालं बघा: तोच भाग झगमगतोय, जणू लिपिड दुप्पट झालं. वास्तविक लिपिड होतं तेवढंच असू शकतं, बदलले ते क्षार. कुठलं तरी एकच चित्र दाखवून निष्कर्ष काढणारा चुकतो, आणि तेही छान रंगीत चित्रासह.

दुसरी गोष्ट म्हणजे आयनांची मारामारी. फॉस्फॅटिडिलकोलीनवर मुळातच कायमचा धन प्रभार असतो. ते आयन बनण्यात इतकं पटाईत की शेजारच्या ट्रायग्लिसराइडांना आणि फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमिनला संधीच देत नाही. मेंदू, यकृत, ट्यूमर, प्रत्येक भागात ही मारामारी वेगळी. त्यावर उपाय म्हणजे त्याच वर्गातलं, पण ड्युटेरियम घालून जड केलेलं प्रमाणित लिपिड मॅट्रिक्सआधी सर्वत्र सारखं फवारायचं आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये त्याच्याशी गुणोत्तर काढायचं. एकूण सिग्नलने भागण्याची सोपी युक्ती सगळे वापरतात, मीही वापरतो. पण एखाद्या भागात सगळीच लिपिडं वाढली असतील तर ती युक्ती नेमका तो फरक पुसून टाकते.

कोलेस्टेरॉल कुठे गेलं? मेंदूत तर भरपूर असतं!

आहे, पण ते नेहमीच्या माल्डीत आयन बनायला फार नाखूश असतं. कापावर चांदीचा अतिशय पातळ थर द्या. चांदीचा आयन त्याच्या दुहेरी बंधाला धरतो आणि ४९३.२६ व ४९५.२६ ला जवळपास सारख्या उंचीची जोडी दिसते, कारण चांदीची १०७ आणि १०९ ही दोन्ही समस्थानिकं निसर्गात जवळपास सम प्रमाणात आहेत. असं जोडशिखर दिसलं की ओळखायला वेळ लागत नाही.

याचा प्रत्यक्ष उपयोग कुठे झाला आहे?

अल्झायमरच्या प्रारूप उंदरांत अमिलॉइडच्या गाठींभोवती जीएम२ आणि जीएम३ ही गँग्लिओसाइडं, म्हणजे शर्करा जोडलेली लिपिडं, साचलेली या पद्धतीने दिसली आहेत. नुसत्या वाटलेल्या मेंदूत ती इतर सगळ्या लिपिडांत हरवली असती. ट्यूमरची कड आणि निरोगी ऊती यांच्या लिपिडांची ठेवण वेगळी असते. त्याच ज्ञानावर इम्पीरियल कॉलेज लंडनमधल्या झोल्तान ताकाच यांच्या गटाने 'आयनाइफ' बनवला: शस्त्रक्रियेच्या विद्युत-सुरीचा धूर थेट यंत्रात ओढून ऊती कोणती ते काही सेकंदांत सांगणारा. त्यात नकाशा नसतो, पण तत्त्व याच घरातलं. वनस्पतींतही काम झालंय. कपाशीच्या बीजात अंकुराचा अक्ष आणि बीजपत्रं यांतली लिपिडं एकसारखी नसतात, हे असेच काप घेऊन दाखवलं गेलं.

माझ्याकडे एका उंदराचे ४०,००० पिक्सेल आहेत. संख्याशास्त्राला एवढे पुरतील ना?

तुमच्याकडे एक उंदीर आहे.

डेटा कशात उघडायचा?

यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, फाइल आयएमझेडएमएल या खुल्या स्वरूपात काढून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी परवाना संपला तरी ती उघडेल. लिपिडांची नावं सुचवायला मेटास्पेस हे मोफत ऑनलाइन व्यासपीठ चांगलं आहे. ते खोट्या ओळखींचं प्रमाण किती असेल याचा अंदाजही देतं. फक्त यंत्राची विभेदनक्षमता चांगली हवी. प्रोग्रामिंग येत असेल तर आर भाषेतलं कार्डिनल घ्या. आणि इंद्रधनुषी रंगपट्टी वापरू नका. तिच्यात पिवळ्याजवळ उगाचच कड दिसते, जी ऊतीत नसते.

मोजणी झाल्यावर त्याच कापाचं एच अँड ई, म्हणजे पेशी दाखवणारं नेहमीचं रंगकाम, करता येतं का?

येतं, आणि करावंच. माल्डीनंतर मॅट्रिक्स अल्कोहोलने धुऊन नेहमीसारखं रंगवा. लेसरने काप थोडा खरवडला गेलेला असतो, पण पेशींची ठेवण वाचता येते. डेसीनंतर तर काप सहसा आणखी चांगला उरतो. शेजारचा काप रंगवण्यापेक्षा हे बरं, कारण दहा मायक्रॉनवर लहान रक्तवाहिनी वळलेली असते, गाठ संपलेली असते.

मॅट्रिक्स धुण्याआधी मात्र स्लाइड एकदा स्कॅन करा. लेसरच्या खुणा मॅट्रिक्सच्या थरात ओळीने दिसतात. त्यांच्यावरून रंगवलेलं चित्र आणि लिपिडांचा नकाशा एकमेकांवर अचूक बसवता येतात. धुतल्यावर त्या खुणा जातात. मग नुसत्या कापाच्या कडांवरून जुळवत बसावं लागतं, आणि कडा तर कापतानाच कुठेतरी दुमडलेल्या असतात.